कॉमन रूमच्या टीव्हीवरचं भूत

मंडळी, आपल्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये भूत आहे. दचकू नका. भूत खोलीत नाही, टीव्हीवर आहे. पडद्याच्या अगदी तळाशी, आडवं, बोटाएवढ्या जाडीचं. सिनेमा चालू असताना ते दिसत नाही. पण मॅचमध्ये कॅमेरा मैदानावरून फिरला, किंवा पडदाभर एकसारखा करडा रंग आला, की तळाला एक मळकट पट्टा हमखास दिसतो.

हा टीव्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेला. ५५ इंची, फोर-के, ओएलईडी. आपल्या विंगने पुन्हा वर्गणी काढून जोडलेला गेमिंगचा पीसी आम्ही त्याला लावला आणि गेली दोन सेमिस्टर रात्री अकरापर्यंत कॉमन रूम गाजवली. मग हे भूत दिसायला लागलं आणि सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली : मेसचे मामा! कारण मामा रोज संध्याकाळी सात ते आठ बातम्या लावतात आणि बातम्यांच्या चॅनेलवर खाली पट्टी पळते. पट्टी खाली, भूतही खाली. झाला न्याय! रेक्टर सरांच्या कानावर गेलं आणि मामांच्या बातम्या बंद झाल्या.

मला मात्र झोप लागेना. का ते पुढे सांगतो. त्याआधी ओएलईडी टीव्ही पीसीला जोडणं म्हणजे काय, त्यात मजा कुठे आणि धोका कुठे, ते नीट समजून घेऊ. कारण आता सेकंड हँड टीव्ही घेऊन रूमवर लावायचा विचार करणारे निदान चार जण मला माहीत आहेत.

ट्यूबलाइट आणि पणत्या

साधा एलसीडी म्हणजे काय? मागे एक दिवा सतत जळतोय आणि पुढे लाखो झडपा आहेत. काळा रंग दाखवायचा तर झडप बंद. पण झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड येतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीचा काळा रंग राखाडी दिसतो.

ओएलईडीत मागचा दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक स्वतंत्र पणती. काळा हवा? पणती विझवा. संपलं. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल असतात आणि प्रत्येकात पुन्हा रंगांचे उपपिक्सेल. दिवाळीत अख्ख्या शहराने लावल्या तरी एवढ्या पणत्या व्हायच्या नाहीत.

या पणतीत तेलाऐवजी सेंद्रिय रसायनांचे अतिशय पातळ थर असतात. त्यातून करंट गेला की थर स्वतः प्रकाश देतो. कोडॅक कंपनीतले चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली दोन थरांचा असा दिवा करून दाखवला, तोही १० व्होल्टच्या आत चालणारा. टीव्ही व्हायला मात्र आणखी वीस वर्षं गेली. सोनीने २००७ साली एक्सईएल-१ नावाचा ११ इंची ओएलईडी टीव्ही जपानमध्ये काढला, किंमत दोन लाख येन! २०१३ मध्ये एलजीने ५५ इंची बाजारात आणला आणि तिथून खरी सुरुवात झाली. एलजीने २०२० मध्ये ४८ इंची आणि २०२२ मध्ये ४२ इंची मॉडेल काढलं, तेव्हा टीव्ही टेबलावर ठेवून मॉनिटरसारखा वापरणाऱ्यांची पंगतच बसली.

गेमिंगला एवढा भारी का?

पहिलं कारण वर आलंच, खरा काळा. गेममधली अंधारी गुहा अंधारी दिसते आणि त्यातली मशाल डोळ्यात भरते.

दुसरं कारण वेग. एलसीडीतल्या द्रवस्फटिकांना वळायला काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे पळत्या गाडीमागे शेपूट दिसतं. ओएलईडीचा पिक्सेल एका मिलिसेकंदाच्याही आत रंग बदलतो.

तिसरी गोष्ट म्हणजे इनपुट लॅग. हा आणि वरचा वेग यांची बरेच जण गल्लत करतात. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ म्हणजे इनपुट लॅग. टीव्ही मुळात सिनेमासाठी बनवलेला. आलेलं चित्र तो आधी साफ करतो, मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो, मग दाखवतो. या मेकअपमध्ये ५० ते १०० मिलिसेकंद सहज जातात. ८० मिलिसेकंद म्हणजे किती? ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू तेवढ्या वेळात तीन मीटर पुढे येतो! तुम्ही बॅट फिरवता तेव्हा चेंडू कीपरच्या हातात. टीव्हीच्या मेनूत 'गेम मोड' लावला की हा मेकअप बंद होतो. चांगल्या ओएलईडीवर १२० हर्ट्झला लॅग मग जेमतेम पाच-सहा मिलिसेकंद उरतो. तेव्हा 'टीव्हीवर गेम खेळताना कंट्रोल जड वाटतात' म्हणणाऱ्याला आधी गेम मोड लावलाय का ते विचारा.

चौथं, व्हीआरआर, म्हणजे पडद्याचा ताल बदलता ठेवण्याची सोय. ग्राफिक्स कार्ड कधी ९० फ्रेम देतं, कधी ७०. पडदा मात्र आपल्या तालात चालला की चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं. व्हीआरआरमध्ये पडदा कार्डाच्या ठेक्यावर चालतो. तबला गायकामागे जातो, गायक तबल्यामागे नाही. एक दोष सांगायला हवा : फ्रेम फार वरखाली झाल्या तर अंधाऱ्या दृश्यात ओएलईडी किंचित लुकलुकतो. बिघाड समजून मेकॅनिक बोलवू नका. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम एका आकड्यावर बांधून ठेवल्या की बराच फरक पडतो.

वायर आणि गणित

इथे आपल्या ब्रँचचं पोरगं म्हणून मला आनंद होतो, कारण सगळा मामला बिट्सचा आहे. फोर-के, १२० हर्ट्झ, एका पिक्सेलला २४ बिट्स. गुणाकार करा : सेकंदाला सुमारे २३.९ गिगाबिट्स. रंगाला १० बिट्स द्यायचे, म्हणजे पिक्सेलला ३०, तर सुमारे २९.९.

जुन्या एचडीएमआय २.० वायरमधून १८ गिगाबिट्स जातात. त्यातले एन्कोडिंगचे वजा जाऊन कामाचे उरतात १४.४. म्हणजे फोर-के ६० हर्ट्झला मावतं, १२० ला नाही. एचडीएमआय २.१ ची क्षमता ४८ गिगाबिट्स, त्यात सगळं आरामात बसतं. टीव्हीत हे पोर्ट २०१९ पासून आणि ग्राफिक्स कार्डात २०२० पासून, म्हणजे एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून आलं. त्याआधीचं कार्ड असेल तर काय? आमच्या पीसीचं जुनंच आहे. आम्ही २५६० गुणिले १४४० वर १२० हर्ट्झ लावतो. १०.६ गिगाबिट्समध्ये काम भागतं आणि बिचाऱ्या कार्डालाही दम लागत नाही. वायर घेताना खोक्यावर 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेलं बघा आणि लांबी तीन मीटरच्या आसपास ठेवा. दहा मीटरची स्वस्त वायर आणून पडदा मध्येच काळा होतो म्हणून टीव्हीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

अक्षरं फुटकी का दिसतात?

पीसी जोडल्यावर पहिली तक्रार हीच. लाल अक्षरं तर पावसात भिजलेल्या पोस्टरसारखी दिसतात. याची कारणं तीन.

एक : जागा वाचवायला टीव्ही बहुतेकदा रंगाची माहिती चार पिक्सेलमध्ये एकदाच घेतो. सिनेमात कळत नाही, अक्षरांत लगेच कळतं. उपाय म्हणजे टीव्हीच्या इनपुटच्या यादीत त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह 'पीसी' करा आणि कार्डाच्या सेटिंगमध्ये ४:४:४ किंवा आरजीबी निवडा. आमच्याकडे या एका बदलाने सी प्रोग्रॅममधले सेमिकोलन दिसायला लागले!

दोन : विंडोज अक्षरं गुळगुळीत करताना धरून चालतं की पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे याच क्रमाने आहेत. एलजीच्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये पांढरा प्रकाश रंगीत काचेतून गाळतात आणि चौथा उपपिक्सेल पांढराच ठेवतात. २०२२ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या क्यूडी-ओएलईडीत निळ्या प्रकाशापासून क्वांटम डॉट लाल आणि हिरवा तयार करतात आणि उपपिक्सेल त्रिकोणात मांडलेले असतात. दोन्हीकडे विंडोजचा अंदाज चुकतो आणि अक्षरांना रंगीत किनार येते. क्लियरटाइपच्या सेटिंगने ती कमी होते, पूर्ण जात नाही.

तीन : पिक्सेलचा आकार. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ९२ पिक्सेल असतात. ५५ इंची फोर-के टीव्हीवर ८०, आणि ४२ इंचीवर १०५. म्हणून ५५ इंची टीव्ही दोन मीटर लांबून बघायचा, होस्टेलच्या टेबलावर दोन फुटांवर ठेवायचा नाही. टेबलासाठी ४२ इंची जमतो, तोही टेबल भिंतीपासून ओढून घेतलंत तर.

आता मूळ मुद्दा, पणतीचं तेल

पणती जळते तसं तेल संपतं. ओएलईडीचे सेंद्रिय थरही वापराने हळूहळू थकतात, निळा सगळ्यात लवकर. सगळ्या पणत्या सारख्या जळल्या तर पूर्ण पडदा एकसारखा मंद होतो आणि कुणाला कळतही नाही. गडबड तेव्हा होते जेव्हा ठराविक पणत्या रोज जास्त जळतात. त्या आधी थकतात आणि त्यांचा आकार पडद्यावर गडद डागासारखा उरतो. यालाच बर्न-इन म्हणतात. नाव 'जळण्याचं' असलं तरी जळत काही नाही, झिजतं. कधीकधी तासभर एकच चित्र राहिलं तर त्याची छाया थोडा वेळ दिसून निघून जाते, ते वेगळं. ते तात्पुरतं, हे कायमचं.

आरटिंग्ज या कॅनडातल्या चाचणी करणाऱ्या मंडळींनी २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी टीव्ही रोज वीस तास चालवले. कुणावर बातम्या, कुणावर फुटबॉलचा गेम, कुणावर बंदुकीचा. बातम्यांचा टीव्ही लवकर डागाळला. कॉल ऑफ ड्यूटी चालवलेला मात्र बराच काळ टिकला. म्हणजे गेम वाईट आणि सिनेमा चांगला, असं काही नाही. एकाच जागी, भडक, तासन् तास काय राहतं, एवढाच प्रश्न आहे.

टीव्हीलाही हे माहीत असतं, म्हणून तो काळजी घेतो. चित्र अधूनमधून काही पिक्सेल सरकवतो. लोगो ओळखून तेवढा भाग मंद करतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बऱ्याच मॉडेलमध्ये एकूण चार तास वापर झाला की टीव्ही रिमोटने बंद केल्यावर तो गुपचूप काही मिनिटं स्वतःची तपासणी करतो, पिक्सेल चालवणारे ट्रान्झिस्टर मोजतो आणि फरक भरून काढतो. पण ही दुरुस्ती टीव्ही 'बंद' असताना चालते. त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू हवं!

आणि आपल्याकडे? रात्री अकराला कॉमन रूमला कुलूप लावताना वॉचमन काका नियमाप्रमाणे मेन बटण खाली करतात. दोन सेमिस्टर. रोज. टीव्ही बिचारा तपासणीला बसला की वीज गायब. काकांची चूक नाही. नियम ट्यूबलाइट आणि पंख्यांसाठी केला होता, तेव्हा हा टीव्ही नव्हता.

भुताची मोजदाद

आता मला झोप का लागत नव्हती ते सांगतो.

होस्टेलचं नेट दिवसा मोकळं असतं, सगळे लेक्चरला. गेमचे अपडेट ८०-९० जीबीचे. मी सकाळी दहाला डाउनलोड लावून कॉलेजला जायचो आणि पाचला येऊन बघायचो. टीव्ही चालूच. कारण टीव्ही बंद केला तर पीसीही झोपेल, अशी माझी समजूत. शिवाय चित्र सरकतं आणि कडा कापल्यासारखी वाटते म्हणून ते सरकणं मीच मेनूतून बंद केलं होतं. लोगो मंद करण्याची सोयही मीच बंद केली होती. आणि रंग 'व्हिव्हिड', म्हणजे दुकानातल्या शोकेसचा भडकपणा. आठवड्यातून चार दिवस, रोज सात तास, साधारण तीस आठवडे. आकडा ८०० तासांच्या वर जातो. तेवढा वेळ पडद्याच्या तळाशी काय होतं? विंडोजचा पांढरा टास्कबार.

मामांचे तास मोजले तर रोजचा एक याप्रमाणे दोनशेच्या आसपास.

संशय पुरेसा नाही, पुरावा हवा. एका रविवारी पडदाभर करडं चित्र लावलं आणि स्टीलची पट्टी घेऊन बसलो. भुताची उंची भरली जवळजवळ २.३ सेंटीमीटर. ५५ इंची पडद्याची उंची ६८.५ सेंटीमीटर, म्हणजे २१६० ओळी. विंडोज ११ चा टास्कबार ४८ पिक्सेलचा, आमचं स्केलिंग १५० टक्के, म्हणून ७२. ७२ भागिले २१६० गुणिले ६८.५ बरोबर २.२८. बातम्यांची पट्टी याच्या कितीतरी पट उंच असते. शिवाय पट्ट्याच्या मध्यभागी बारीक चौकोनांची रांग दिसत होती. ते आमचे आयकॉन होते. वरच्या कोपऱ्यात चॅनेलच्या लोगोचा अगदी पुसट डागही सापडला, नाही असं नाही. पण हिशेब सरळ होता : मामांचा वाटा चार आणे, माझा बारा आणे.

पट्टी हातात धरून मी पाच मिनिटं तसाच बसलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणाला न सांगता उठून गेलो असतो तरी चाललं असतं. पण मामांनी पंधरा दिवस बातम्या लावल्या नव्हत्या आणि सातच्या सुमाराला ते दारापर्यंत येऊन परत जाताना मी बघितलं होतं.

रेक्टर सरांकडे कागद घेऊन गेलो. सरांनी गुणाकार तपासला, चष्मा काढला आणि म्हणाले, "डिपॉझिट कापून टीव्ही सुधारणार आहे का? आधी मामांना जाऊन सांग." मामा चपात्या लाटत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे पोरा, मला वाटलं माझ्यानंच झालं. एवढ्या महागाची वस्तू... मी घरी पण सांगितलं की माझ्या हातून टीव्ही बिघडला." मला पुढे काही बोलता आलं नाही. त्या दिवशी सात वाजता टीव्ही मीच लावून दिला.

मेनूतली मोठी दुरुस्ती आम्ही एकदा चालवली, तासभर लागला. भूत बरंच फिकं झालं, गेलं नाही. ही दुरुस्ती सारखी चालवायची नसते, कारण ती थकलेल्या पिक्सेलला भागवून घेते, तरुण करत नाही. तेव्हा भूत आता आपलं कायमचं रूममेट आहे.

यापुढचे नियम

सरांनी शिक्षा म्हणून हे पान लिहून कॉमन रूममध्ये लावायला सांगितलं. रूमवर ओएलईडी लावणाऱ्यांनीही उतरवून घ्यावं.

१. टीव्ही रिमोटने बंद करा आणि भिंतीवरचं बटण चालू राहू द्या. आपल्याकडे त्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली आहे, काकांना सांगितलं आहे. सुट्टीत होस्टेल रिकामं होतं तेव्हाच मेन बंद. वीज वारंवार जाते त्या गावात आल्यावर काही वेळ टीव्हीला शांत राहू द्या.

२. विंडोजमध्ये टास्कबार आपोआप लपणारा ठेवा, थीम गडद, वॉलपेपर काळा, डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत.

३. डाउनलोड लावायचं तर टीव्ही बंद करा. विंडोजमध्ये पडदा बंद होणं आणि पीसी झोपणं या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. पडदा पाच मिनिटांनी बंद, झोप 'कधीच नाही'. हे मला आधी कळलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

४. चित्र सरकवणं आणि लोगो मंद करणं या सोयी बंद करू नका.

५. गेम मोड ठेवा, व्हिव्हिड नको. एचडीआर गेममध्ये चमक वाढते ती वाढू द्या, पण डेस्कटॉपला कमी चमक पुरते. पांढरी एक्सेलशीट उघडल्यावर पडदा आपोआप मंद होतो, तो दोष नाही. पूर्ण पडदा पांढरा झाला की वीज आणि उष्णता आवरायला टीव्ही चमक कमी करतो.

६. एकच गेम रोज सहा तास खेळणाऱ्यांनी स्कोअर आणि नकाशाच्या चौकटी पारदर्शक करण्याची सोय असेल तर वापरावी. आणि अधूनमधून अभ्यासही करावा.

विकत घ्यावा का?

सिनेमा आणि गेम मुख्य असेल, लांबून बघणार असाल, तर ओएलईडीसारखं सुख नाही. दिवसभर कोडिंग, कॅड आणि रिपोर्ट लिहिणं असेल तर साधा एलसीडी मॉनिटरच बरा. ओएलईडी मॉनिटरही मिळतात आणि काही कंपन्या त्यावर बर्न-इनची हमी देतात. टीव्हीच्या हमीत मात्र हा दोष बहुधा वगळलेला असतो, बारीक अक्षरं वाचा. सेकंड हँड घेताना दुकानात पेनड्राइव्हवर करड्या, लाल, हिरव्या रंगांची चित्रं न्या आणि पडदाभर लावून बघा. तिथे कुणाचं तरी भूत आधीच राहत असेल.

तर मंडळी, यापुढे कॉमन रूममध्ये मैदानावरचा तो मळकट पट्टा दिसला तर मामांकडे बघू नका. ती माझी सही आहे. चूकभूल द्यावी घ्यावी. आणि सात ते आठ रिमोट मामांचा, हेही लक्षात असू द्या.